अंडं न घालता स्पॅनिश चुरोज जमतील का? आणि द्यायचे कशाबरोबर?

जुळे_सोलापूरची_आत्या:
नमस्कार मंडळी, भाचीनं पुण्यात मॉलमध्ये चुरोज (ते मैद्याचे लांबट तळलेले तुकडे) खाल्लेत आणि तेव्हापासून आत्या घरी कर, आत्या घरी कर चाललंय. आमच्या सासूबाई अंडं उंबऱ्याच्या आत येऊ देत नाहीत आणि यूट्यूबवर बघितलं तर निम्म्या रेसिपीत अंडं आणि बटर दोन्ही. मॉलमध्ये दालचिनी-साखरेत लोळवून वर पातळ चॉकलेट सिरप ओतून दिलेलं, स्पेनमध्ये पण असंच खातात का? मशीन नाही, पितळी सोऱ्या हाय. रविवारी दहा-बारा पोरं येणारेत, तर आधी करून ठेवले तर चालतील का तेपण सांगा.

माद्रिद_ते_विजापूर_रोड:
ताई अंडं विसरा. तिकडच्या साध्या चुरोत मैदा, पाणी, मीठ, बास. अंडं-बटर घातलं की ते फ्रेंच शू पेस्ट्रीच्या (क्रीम पफ करतात त्या) पिठाकडं जातंय, वाईट लागत नाही पण आतून मऊ पडतं. मी कंपनीच्या कामानं माद्रिदला राहिलोय, तिथं चुरो स्वतः गोड नसतोच, साखर पाहिजे त्यानं वरून भुरभुरायची. गोडी सगळी सोबतच्या चॉकलेटच्या कपात. आणि कपातलं चॉकलेट म्हणजे आपण पोरांना देतो तसलं पातळ दूध नव्हे, कॉर्नफ्लोर नाहीतर तांदळाचं पीठ लावून इतकं दाट करतात की चमच्यावरून सावकाश उतरतं, त्यात चुरो बुडवायचा, खायचा, उरलेलं पिऊन टाकायचं.

माद्रिदमधल्या पुएर्ता देल सोल चौकाच्या जवळ सान खिनेस म्हणून १८९४ पासूनचं दुकान हाय, रात्रभर हिंडून आलेली पोरं पहाटे तिथं जाऊन बसतात, आणि १ जानेवारीच्या सकाळी चुरो-चॉकलेट खायची तर पद्धतच. रोजच्या नाश्त्याला मात्र कॉफीत बुडवून खाणारे पण भरपूर. दालचिनी-साखर ही मेक्सिकोकडची सवय, आणि आत दुल्से दे लेचे म्हणजे आटवलेलं गोड दूध भरतात तेपण लॅटिन अमेरिकेतलं. खाऊ नका असं नाही, तुम्ही स्पेनचं विचारलं म्हणून सांगितलं. चुरोंचा एक जाड भाऊ पण असतोय, त्याचं नाव 'पोरास', पिठात सोडा किंवा यीस्ट, आतून जाळीदार. मला तेच जास्त आवडायचे.

चकलीवाली_काकू:
सोऱ्या हाय म्हणजे काम झालं, पण चकती चांदणीचीच लावा, गोल भोकाची अजिबात नको. ते नक्षीसाठी नाही ओ. पिठात पाणी भरपूर असतंय, वरची कड आधी कडक होते आणि आत वाफ कोंडते, कंगोरे असले की पीठ सारखं शिजतं आणि वाफेला वाट मिळते, गुळगुळीत गोल केला की फट्टकन फुटून तेल अंगावर. चिलीमध्ये एका वर्तमानपत्रानं २००४ साली चुरोची रेसिपी छापली, तेल जास्तच तापवायला सांगितलेलं, लोक भाजले, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि पेपरला भरपाई द्यावी लागली! म्हणून पोरांना कढईजवळ फिरकू देऊ नका.

एक वाटी पाणी मीठ घालून खळखळ उकळा, गॅस बंद करून चाळलेला एक वाटी मैदा एकदम ओता आणि उकडीसारखं घोटा, गुठळी राहता कामा नये. हाताला सोसेल इतकं निवलं की सोऱ्यात दाबून दाबून भरा, मधी हवा राहिली तर तीपण फुटायला कारण. तेल १८० ते १९० डिग्री, धूर यायला लागला म्हणजे जास्त झालं. एका वेळी चार-पाचच सोडा, गर्दी केली की तेल गार पडतं आणि चुरो तेल पितात.

पार्क_चौक_कट्टा:
गोड नसतो म्हणता तर शेंगा चटणी आणि दही घेऊन खातो की बे, कशाला कपबिप 😄

चकलीवाली_काकू:
खा बाबा, तुला कोण अडवतंय. पोरांच्या ताटात नको म्हणजे झालं.

जुळे_सोलापूरची_आत्या:
लई भारी माहिती, धन्यवाद दादा आणि काकू. फक्त आधी करून ठेवायचं तेवढं राहिलं, आणि चॉकलेटचं प्रमाण?

माद्रिद_ते_विजापूर_रोड:
तळून ठेवू नका, अर्ध्या तासात वातड होतात. पीठ दाबून बोटभर लांब तुकडे ट्रेवर ठेवून फ्रीझरला टाका, घट्ट झाले की डब्यात भरा. तळताना वरचा बर्फ झटकून टाका नाहीतर तेल उडतंय. वेळ असला तर स्पेनच्या दक्षिणेकडच्या अंदालुसियासारखं करा, तिथं पीठ थेट तेलात गोल गोल फिरवत मोठं चक्र सोडतात आणि तळून झालं की कात्रीनं तुकडे करून देतात, पोरांना बघायला मजा येते, पण तुम्हाला हात बसलेला पाहिजे.

चॉकलेट: अर्धा लिटर दूध, दीडशे ते दोनशे ग्रॅम डार्क चॉकलेट, एक मोठा चमचा कॉर्नफ्लोर थोड्या गार दुधात कालवून. मंद गॅसवर हलवत राहा, तळाला लागतंय. साखर चाखून मगच.

जुळे_सोलापूरची_आत्या:
डार्क चॉकलेट बेकरी सामानाच्या दुकानात मिळेल ना?

चकलीवाली_काकू:
मिळेल, पण पाकीट उलटं करून वाचा. कंपाउंड म्हणून स्वस्त वडी देतात, त्यात कोको बटरऐवजी दुसरंच वनस्पती तेल असतंय, कपात तेवढी मजा नाही. आणि स्टीलचे छोटे पेले घ्या, दहा-बारा पोरं म्हणजे कप फुटणारच.