ऑस्लो ते बर्गन रात्रीची स्लीपर गाडी: आई-बाबांना घेऊन जायचंय, सल्ला हवा

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. आई-बाबा जूनमध्ये साताऱ्याहून माझ्याकडे नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला येतायत. जूनच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही तिघं नॉर्वेत ऑस्लोला विमानाने जाणार. तिथून बर्गनला रात्रीच्या स्लीपर गाडीने जायचं, बर्गनमध्ये दोन रात्री राहायचं आणि परत ऑस्लोला येऊन विमान धरायचं, असा विचार आहे. बाबा ७०, आई ६६. आईचे गुडघे दुखतात, वरचा बर्थ तिला जमणार नाही. शिवाय ती अंडंसुद्धा खात नाही.
विचारायचं हे: रात्रीची गाडी जाताना घ्यावी की येताना? तिघांचं बुकिंग कसं करायचं? आणि पहाटे पोचल्यावर हॉटेलची खोली मिळेपर्यंत काय करायचं?

रूळावर:
आधी बुकिंग, कारण तिघं म्हटल्यावर सगळं त्यावरच ठरतं. ही गाडी 'व्ही' ही सरकारी कंपनी चालवते. स्लीपरचा प्रत्येक कुपे दोन बर्थचा असतो, एक खाली आणि एक वर. पैसे बर्थचे नाही, अख्ख्या कुपेचे. अनोळखी माणूस तुमच्या कुपेत येत नाही. त्यामुळे एकट्याला ही गाडी महाग पडते, दोघांना परवडते आणि तिघांचं गणित अडतं.

तिघांसाठी दोन वाटा आहेत. एक कुपे घेऊन तिसऱ्याने बैठकीच्या डब्यात बसायचं, किंवा सरळ दोन कुपे घ्यायचे. तुम्ही दोन घ्या. दोन कुपे म्हणजे खालचे दोन बर्थ. आई एका कुपेत खाली, बाबा दुसऱ्यात खाली आणि तुम्ही त्यांतल्या एकाच्या वर. साठी उलटलेल्या कुणालाच शिडी चढावी लागत नाही. वरच्या बर्थची शिडी उभी असते, आणि रात्री बाथरूमला उठून अंधारात ती उतरणं दुखऱ्या गुडघ्यांना फार त्रासाचं. दोन्ही कुपे एकाच बुकिंगमध्ये घ्या, म्हणजे शेजारी-शेजारी मिळण्याची शक्यता वाढते. जागा निवडता आली तर डब्याच्या मधले कुपे बघा. टोकाचे कुपे चाकांच्या वर येतात आणि दाराची, संडासाची ये-जा रात्रभर ऐकू येते.

६७ वर्षांपासून पुढे ज्येष्ठांची सवलत आहे आणि ती परदेशी पाहुण्यांनाही मिळते. बाबांना 'होन्नेर' प्रकाराचं तिकीट घ्या, पासपोर्ट जवळ ठेवा. आई ६६ म्हणजे तिचं तिकीट पूर्ण. सवलत तिकिटावर असते, कुपेच्या जादा रकमेवर धरू नका. आणि सगळ्यांत स्वस्त तिकीट बदलता किंवा रद्द करता येत नाही. विमान ठरल्याशिवाय ते घेऊ नका.

फ्योर्डकाठ:
जाताना रात्री आणि येताना दिवसा, हेच करा. कारण सांगतो.

ही वाट नॉर्वेतल्या सर्वांत देखण्या रेल्वेमार्गांपैकी आहे. १९०९ साली पूर्ण झाली. समुद्रकाठच्या ऑस्लोहून निघून फिन्से स्टेशनला १,२२२ मीटरवर चढते आणि परत समुद्रकाठी बर्गनला उतरते. रात्री दोन्हीकडून प्रवास केला तर यातलं काही दिसणार नाही. मग एक फेरी दिवसा करायची ती कुठली, एवढाच प्रश्न उरतो. येताना रात्रीची घेतलीत तर बर्गनचं हॉटेल दुपारी सोडून रात्री गाडी सुटेपर्यंत आई-बाबांना घेऊन बाहेर थांबावं लागेल, आणि सकाळी ऑस्लोला उतरून लगेच विमान. गाडीला दोन तास उशीर झाला की विमान गेलं. जाताना उशीर झाला तर फार तर बर्गनची सकाळ हुकते. परतीचं विमानही त्याच दिवशी ठेवू नका. दिवसाच्या गाडीने ऑस्लोला या, रात्र तिथे काढा, दुसऱ्या दिवशी उडा.

जूनअखेरीला आणखी एक गोष्ट होते. ऑस्लोत सूर्य पावणेअकराच्या सुमाराला मावळतो आणि गाडी साधारण अकराला सुटते. पुढे डोंगरात पूर्ण काळोख होतच नाही, कारण त्या अक्षांशावर त्या दिवसांत मध्यरात्रीसुद्धा सूर्य क्षितिजाच्या जेमतेम सहा अंश खाली असतो. पहाटे तीन-साडेतीनच्या सुमाराला गाडी फिन्सेच्या पठारावर असते. कुणाला जाग आली तर पडदा सारून बघा: राखाडी उजेडात बर्फाचे पट्टे, त्यांच्यामध्ये काळं पाणी, आणि झाड एकही नाही. मुद्दाम गजर लावून मात्र उठू नका, झोप आधीच कमी आहे.

रूळावर:
झोपेचं बोललात ते महत्त्वाचं. गाडी सातच्या थोडं आधी बर्गनला पोचते, म्हणजे कुपेत आठ ताससुद्धा मिळत नाहीत. सुरुवातीचा अर्धा तास चावी, तिकीट, सामान यात जातो आणि शेवटचा आवराआवरीत. हाती येते सहा तासांची झोप, तीही वळणावळणाच्या घाटातली. म्हणून रात्रीचं जेवण गाडीत काढायचं ठेवू नका. जेवूनच चढा आणि ऑस्लो सोडताच आडवे व्हा. डोळ्यांवरची पट्टी तिघांनाही हवीच, पडद्याच्या कडेने उजेड येतो. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी चढण्याआधी घ्यावी.

कुपेत काय असतं: अंथरूण-पांघरूण, टॉवेल, छोटं बेसिन, दिवा, प्लग. शॉवर नाही. संडास डब्याच्या टोकाला. दाराला कार्डाची चावी असते, ती गाडीवरच्या कर्मचाऱ्यांकडून मिळते. रात्री बाहेर जाताना कार्ड बरोबर घ्या, दार मागे आपोआप बंद होतं.

सामान हा खरा त्रास आहे. दोन मोठ्या बॅगा कुपेत आणल्या तर उभं राहायला जागा उरत नाही. भारतातून आलेल्या मोठ्या बॅगा आइंडहोव्हनलाच ठेवा. माणशी एक छोटी बॅग, आणि औषधं, चष्मा, पाण्याची बाटली अशी उशाशी ठेवायची वेगळी पिशवी. ऑस्लोच्या नळाचं पाणी उत्तम असतं, बाटली तिथेच भरून घ्या.

पाठपिशवी:
माझं मत थोडं वेगळं आहे. ज्येष्ठ मंडळींना सहा तासांच्या झोपेनंतर दिवसभर फिरवणं बरं नाही. दोन्ही वेळा दिवसाची गाडी घ्यावी आणि एक रात्र हॉटेलात जास्त काढावी. दोन कुप्यांच्या पैशात हॉटेल होऊन जाईल.

फ्योर्डकाठ:
आई-बाबा झोपेला नाजूक असतील तर पाठपिशवी म्हणतात तेच करावं. पण दिवसाची गाडी साडेसहा-सात तास घेते. दोन्ही वेळा दिवसा म्हणजे पाच दिवसांच्या सहलीतले दोन दिवस खिडकीत जातात, आणि तोच देखावा दुसऱ्यांदा बघताना निम्मे लोक झोपतात.

कृष्णाकाठ:
दोघंही महाराष्ट्र एक्स्प्रेसने अनेक वर्षं प्रवास करतात, रेल्वेत छान झोपतात. त्यामुळे जाताना रात्री, येताना दिवसा असंच ठरवते. वार कुठलाही चालेल का?

रूळावर:
शनिवारची रात्र धरू नका, त्या रात्री ही गाडी सहसा नसते. बाकी वारीसुद्धा आधी तारीख टाकून बघा आणि मगच हॉटेल घ्या. कारण उन्हाळ्यात 'बाने नूर', म्हणजे रूळ सांभाळणारी यंत्रणा, ऑस्लोच्या आसपासची मोठी कामं काढते. लोक सुट्टीवर असतात, लोकलची गर्दी कमी असते, म्हणून काही आठवडे मार्ग बंद ठेवून एकदम काम उरकतात. हा काळ जूनअखेरीपासून सुरू होऊ शकतो. तेव्हा गाडी ऑस्लोऐवजी पुढच्या एखाद्या स्टेशनातून सुटते आणि तिथपर्यंत बसने नेतात. वेळापत्रकात 'बुस फॉर तूग' असं दिसलं की समजायचं: गाडीऐवजी बस. रात्री अकराला आई-बाबांना बसमधून उतरवून गाडीत चढवण्यापेक्षा तारीख दोन दिवस पुढे-मागे केलेली बरी. 'एन्तूर' ॲपवर सगळ्या कंपन्यांच्या गाड्या आणि असे बदल एकत्र दिसतात. तिकीट काढताना बघा आणि निघायच्या दिवशी दुपारी पुन्हा बघा.

गाडी सुटेपर्यंतचा वेळ ऑस्लोत सोपा आहे. स्टेशनाला लागूनच ऑपेरा हाऊस आहे, त्याच्या उतरत्या छतावर चालत जाता येतं. उतार मंद आहे, पण ओलं असेल तर आईंना नेऊ नका, संगमरवर निसरडा होतो. त्याच्या समोर २०२० साली उघडलेलं डायकमन हे सार्वजनिक वाचनालय आहे. कुणालाही प्रवेश, मऊ खुर्च्या, स्वच्छ संडास, आणि कामाच्या दिवशी संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं. बंद होण्याची त्या दिवसाची वेळ तेवढी बघून ठेवा.

बर्गन_बारमास:
आता पहाटेचं. हॉटेलची खोली दुपारी तीनच्या आसपास मिळते, आणि सातला उतरणाऱ्याला हे आठ तास अंगावर येतात. सर्वांत चांगला उपाय म्हणजे स्टेशनापासून चालत दहा मिनिटांच्या आतलं हॉटेल निवडून आधीच ईमेल करायची: 'रात्रीच्या गाडीने येतोय, बॅगा ठेवू, सकाळचा नाश्ता विकत घेऊ, खोली लवकर मिळाली तर हवी.' बॅगा जवळजवळ सगळीच हॉटेलं ठेवून घेतात. नाश्ता बऱ्याच ठिकाणी पैसे भरून मिळतो, आणि नॉर्वेतला हॉटेलचा नाश्ता भरपेट असतो. एकदा बसून ब्रेड, चीज, फळं, दही, ओट्स आणि कॉफी झाली की आई-बाबांचा दिवस मार्गी लागतो.

त्यानंतर साडेआठच्या सुमाराला फ्लॉयबानेन. ही डोंगरावर चढणारी दोरीची रेल्वे शहराच्या मधोमध, मासळीबाजारापासून दोन-तीन मिनिटांवर सुरू होते आणि पाच-सहा मिनिटांत ३२० मीटरवर नेते. १९१८ पासून चालू आहे. उन्हाळ्यात बर्गनला मोठमोठी क्रूझ जहाजं लागतात. त्यांतली मंडळी नऊ-दहानंतर रांगेत येतात आणि मग तासभर उभं राहावं लागू शकतं. रात्रीच्या गाडीने आलेल्यांना ही रांग टाळता येते, तो फायदा सोडू नका. वर सपाट रस्ता आहे, बाकं आहेत, आईंना चढ नाही.

खाली उतरून ब्रिगेन. हान्सा या जुन्या जर्मन व्यापारी संघाच्या व्यापाऱ्यांची लाकडी घरांची ही रांग १९७९ पासून जागतिक वारसा यादीत आहे. आताची बरीचशी घरं १७०२ च्या आगीनंतर जुन्याच पद्धतीने बांधलेली आहेत. समोरून फोटो काढून निघू नका, घरांच्या मधल्या अरुंद बोळांत शिरा. तिथे डोक्यावर बाहेर आलेल्या माड्या, पायाखाली फळ्या आणि पावसात भिजलेल्या जुन्या लाकडाचा वास. फळ्या ओल्या असतील तर आईंचा हात धरा.

पाऊस येणारच. बर्गनला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, म्हणजे मुंबईच्या तोडीचा. मुंबईत तो चार महिन्यांत कोसळतो, इथे बारा महिने वाटून पडतो. त्यामुळे धार बारीक असते पण वारा असतो, आणि छत्री उलटी होते. टोपीचं जाकीट आणि खाली पकड असलेले पाणबंद बूट आणा. आई साडी नेसत असतील तर दोन दिवस पंजाबी ड्रेस घालायला सांगा, ओले काठ दिवसभर पायांत येतात. हवामानासाठी 'यर' ॲप बघा, तासातासाचा अंदाज देतं.

पाठपिशवी:
आईंच्या खाण्याचं कुणी बोललं नाही. गाडीतल्या कॅफेवर विसंबू नका, अंड्याशिवायचं फार थोडं मिळतं. ऑस्लो स्टेशनवरच्या दुकानांतले दालचिनीचे बन बघायला शाकाहारी वाटतात, पण अंडं असू शकतं. 'स्कूलेबोले' नावाच्या बनच्या मधला पिवळा गोळा तर कस्टर्डच असतो, त्यातही अंडं असू शकतं. वेष्टनावर घटकांची यादी असते आणि ॲलर्जीचे पदार्थ ठळक छापलेले असतात. अंड्याला नॉर्वेजियनमध्येही 'एग'च म्हणतात, त्यामुळे पटकन सापडतं. दह्याच्या आणि गोड पदार्थांच्या यादीत 'जेलातिन' दिसलं तर घेऊ नका, ते प्राण्यांपासून बनतं.

तुमच्या घरून ठेपले, दशम्या, चटणी न्या. नेदरलँड्समधून नेलेल्या चीज-दह्याला अडचण नाही. मात्र आई-बाबांनी साताऱ्याहून आणलेलं तूप, पेढे बरोबर घेऊ नका. युरोपबाहेरचे दुधाचे पदार्थ नॉर्वेत आणता येत नाहीत. आणि बर्गनचा एक दिवस रविवार येत असेल तर किराणा शनिवारीच घ्या. रविवारी मोठी दुकानं बंद असतात, छोटी काही उघडी राहतात आणि महाग पडतात.

कृष्णाकाठ:
पेढ्यांचं बरं सांगितलंत, आई नक्की आणणार होती. परतीच्या दिवसाच्या गाडीत कुठल्या बाजूला बसायचं? आणि आई-बाबांच्या व्हिसाचं काही वेगळं लागतं का?

फ्योर्डकाठ:
बर्गनहून निघाल्यावर पहिला तासभर फ्योर्डचं, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या खाडीचं पाणी डाव्या हाताला असतं. पुढे वर चढल्यावर फिन्सेजवळची हिमनदी उजवीकडे, दक्षिणेला. एकच बाजू निवडायची तर उजवी घ्या, आणि सुरुवातीला आळीपाळीने डावीकडच्या खिडकीशी उभं राहा. फिन्सेला गाडी थोडी जास्त थांबली तर फलाटावर उतरून श्वास घ्या. जूनमध्येही स्वेटर लागेल. दारापासून लांब जाऊ नका, तिथे शिट्टीनंतर वाट बघत नाहीत.

वाटेत म्युर्दालला उतरून फ्लोमच्या डोंगरी रेल्वेने खाली जाण्याचा मोह होईल. २० किलोमीटरमध्ये ८०० मीटरहून जास्त उतरते, सुंदर आहे. पण परतीच्याच दिवशी बॅगा घेऊन ते करू नका. बर्गनच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं. आईंना झेपेल असं वाटलं तरच.

रूळावर:
नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. नेदरलँड्सचा शेंगेन व्हिसा चालतो आणि एकाच प्रवेशाचा असला तरी हरकत नाही, कारण तुम्ही शेंगेनच्या बाहेर जातच नाही. फक्त व्हिसावरचे दिवस मोजा. पासपोर्ट मात्र तिघांचेही जवळ हवेत, फोटो किंवा झेरॉक्स चालणार नाही. तुमचं डच सिम तिथे जादा पैसे न घेता चालतं. चलन क्रोनर, पण रोख काढूच नका, सगळीकडे कार्ड घेतात.

आणि बर्गनच्या अलीकडे शेवटचं स्टेशन आर्ना येतं, बोगद्याच्या तोंडाशी. बरेच जण बॅगा घेऊन दाराशी येऊन उभे राहतात. तिथे उतरू नका. पुढचा लांब बोगदा संपला की बर्गन.