मदत हवी आहे: इराणमधलं मोबारके गाव (यझ्दकडचं) नक्की कुठे आणि आता वस्ती किती?

नमस्कार मंडळी, जरा वेगळीच मदत हवीये. पुण्यात आमच्या बिल्डिंगमध्ये एक इराणी काका राहतात, झरतुष्टी (पारशांचाच धर्म), त्यांचे आजोबा यझ्दकडनं मुंबईत आले, मग बेकरी वगैरे, नेहमीची गोष्ट. गावाचं नाव घरात सगळ्यांना पाठ, मोबारके, पण नकाशावर बोट ठेवून दाखवा म्हटलं की सगळे गप्प. आता नात म्हणतेय जाऊन बघूच, आणि शोधाशोध आली माझ्या गळ्यात.

गूगल मॅपवर नाव टाकलं की थेट इस्फहान प्रांतातलं शहर उघडतं, पोलादाच्या मोठ्या कारखान्याचं, ७० हजाराच्या आसपास वस्तीचं, ते हे नव्हेच कारण आजोबा म्हणे कायम तफ्तच्या डाळिंबांची आठवण काढायचे आणि तफ्त तर यझ्द प्रांतात. तर गाव नक्की कुठल्या बाजूला, आज तिथे कुणी राहतं का आणि राहत असेल तर किती, एवढं कळलं तरी पुरे. भाषा फारसीच ना तिथली? काकांच्या घरातली म्हातारी माणसं दरी बोलायची म्हणतात, मला वाटलं ती अफगाणिस्तानात.

प्रतिसाद:
तफ्तचा धागा सोडू नका ताई, तेच बरोबर आहे. यझ्द शहराच्या नैर्ऋत्येला २०-२५ किमीवर तफ्त, शीरकूहच्या पायथ्याशी, डोंगर ४००० मीटरच्या वर आणि त्याच्याच पाण्यावर खालच्या बागा. मोबारके, चम, झैनाबाद ही जुनी झरतुष्टी गावं याच पट्ट्यातली. इराणात एका नावाची गावं ढिगाने असतात, हसनाबाद-हुसेनाबाद तर विचारूच नका, त्यामुळे नुसतं नाव टाकून काही होत नाही, उतरंडीने जायचं: ओस्तान म्हणजे प्रांत, मग शहरेस्तान म्हणजे जिल्ह्यासारखं, मग बख्श म्हणजे तालुक्यासारखं, मग देहेस्तान म्हणजे आसपासच्या गावांचा गट. नाव फारसी लिपीत लिहा आणि पुढे तफ्त जोडा, रोमनमध्ये स्पेलिंगचे इतके प्रकार की डोकं फिरतं.

वस्तीसाठी त्यांच्या मरकझ-ए-आमारची साइट बघा, म्हणजे जनगणनावाले. १३८५, १३९० आणि १३९५ अशी वर्षं दिसतील, ती आपली २००६, २०११, २०१६. प्रांतवार एक्सेल आहेत, गावापुढे कुटुंबं आणि माणसं, अगदीच दोन-तीन घरं उरली असतील तर आकड्याऐवजी नुसती फुली. फक्त एक, तो आकडा सगळ्या गावाचा, त्यातले झरतुष्टी किती ते त्यावरून काढू नका. २०१६ ला अख्ख्या इराणात २३,१०९ झरतुष्टी नोंदलेत, त्यातलेही कितीतरी कधीच तेहरानला गेलेले.

भाषा फारसीच. दरी म्हणाल तर ही झरतुष्ट्यांची घरातली बोली, अफगाणी दरीशी संबंध नाही, शेजारच्या मुसलमान यझ्दी माणसालाही कळत नाही.

प्रतिसाद:
वरच्यांना +१. पण आकड्यांच्या मागे लागण्याआधी यझ्दच्या झरतुष्टी अंजुमनला (त्यांच्या समाजाची संस्था) पत्र टाका, कुठल्या गावात कुणाचं घर उघडं आहे हे जनगणनेपेक्षा त्यांना जास्त ठाऊक. तिथलं आतशबेहराम, म्हणजे मोठं अग्निमंदिर, १९३४ चं, मुंबईच्या पारशांच्या पैशांतून उभं राहिलेलं, त्यामुळे मुंबई-पुण्याचं नाव काढलं की ओळख द्यावी लागत नाही. आणि काकांना आजोबांच्या वडिलांचं नाव विचारून ठेवा, तिकडे पहिला प्रश्न तोच.

धागाकर्ती:
दोघांचेही खूप आभार!! यझ्दची २०१६ ची एक्सेल उतरवली, पण सगळं फारसीत, आकडेसुद्धा, आणि गावांची यादी संपता संपत नाहीये. उर्दू किंवा फारसी वाचणारं कुणी आहे का इथे, तफ्तचं पान तेवढं बघून द्याल? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, फाइल पाठवते.