पिल्लूचा स्वेटर: घरच्या ग्रुपवरची चर्चा

सोमवार, दुपार

वहिनी: आत्याबाई, पिल्लूसाठी बंद गळ्याचा स्वेटर विणायला घेऊन राहिली. साधा नाही, उठावाची नक्षी पाहिजे. पुण्याच्या ताईंनी व्हिडिओ पाठवला, त्यात छातीवर जाड वेण्या आहेत. टाके किती घालू? पोरगं दीड वर्षाचं आहे, पण अंगानं भरलेलं.

दादा: एवढी खटपट काहून? थंडी पडली की नागपुरात तिबेटी लोकांची दुकानं लागतात. येताना दोन घेऊन येतो.

काटोलची आत्या: तू गप बस. त्या लोकांची वसाहत आपल्या गोंदिया जिल्ह्यातच आहे, गोठणगावले, 1972 पासून. माल वाईट नसते, पण बहुतेक लुधियान्याहून आलेला, मशीनचा असते. पोट्टं वाढलं की बाही कोपराकडे सरकते अन् स्वेटर जाते पेटीत. हातचा असला तर खालून उसवून वाढवता येते.
सूनबाई, आधी छाती मोज. वय सांगून टाके निघत नाहीत.

वहिनी: बनियनवरून मोजली. 52 सेंमी.

पुण्याची ताई: व्हिडिओत 8 नंबरच्या सुया सांगितल्यात. माझ्याकडे पडून आहेत, पाठवू का वहिनी?

काटोलची आत्या: तो व्हिडिओ कुठला?

पुण्याची ताई: अमेरिकेतल्या बाई आहेत.

काटोलची आत्या: मग त्यांचा 8 म्हणजे 5 मिमी. आपल्या दुकानातला 8 म्हणजे 4 मिमी. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, त्यांच्याकडे जाड. त्यांचं माप अन् आपली सुई एकत्र केली तर स्वेटर ना पोट्ट्याले येत ना बाहुलीले. नंबर सोडा, सुईवर मिमी किती लिहिलं ते पाहा.

पुण्याची ताई: माझ्या सुयांवर 4.00 आहे.

काटोलची आत्या: पाठव. अंगाले त्या चालतील. बॉर्डरले, म्हणजे कडेच्या ताणणाऱ्या पट्टीले, 10 नंबर लागेल, म्हणजे 3.25 मिमी, त्या माझ्याकडे आहेत.

काका: डीपीवाला लाइनमन आला काय रे कोणाकडे? सकाळपासून मोटर बंद आहे.

वहिनी: नाही आला काका. आत्याबाई, वेण्या घेऊ ना मग?

काटोलची आत्या: मी तर नको म्हणेन. वेणीत टाके एकमेकांवर चढतात, त्यानं कापड आत ओढल्या जाते अन् छातीत तंग होते. तेवढे टाके वरून वाढवावे लागतात. शिवाय वेणी म्हणजे दुप्पट जाड. सिमल्यात ठीक. आपल्याकडे जानेवारीत सकाळी पारा 10 च्या खाली अन् दुपारी अंगणात सदरासुद्धा नको होते. लेकरू घामानं भिजून जाईल.
साबुदाणा वीण घे, एक सुलट एक उलट आलटूनपालटून. उठाव बारीक राहते, दोन्ही अंगानं सारखी दिसते, कडा गुंडाळत नाही. छातीवर पाहिजे तर एक पट्टा चटईचा दे: 4 सुलट 4 उलट अशा 4 ओळी, मग अदलाबदल.

पुण्याची ताई: त्यापेक्षा दोन रंगांचे बदक काढा ना समोर. किती गोड दिसेल!

काटोलची आत्या: बाहेरून गोड. आतून जो रंग त्या वेळी विणण्यात नसते त्याचे धागे लोंबतात, अन् हात घालताना बोटं त्यातच अडकतात. दीड वर्षाच्या लेकराचं बोट अडकलं की ते हात मागं घेत नाही, जोर लावते. नक्षी टाक्यांचीच बरी, आतून काही लोंबत नाही.

आजी (दादा टाइप करून राहिला): संक्रांतीले बोरन्हाण करायचं आहे. स्वेटर काळाच घाला.

काटोलची आत्या: आई, काळ्यात नक्षी दिसत नाही हो. उठाव दिसते तो सावलीनं, अन् काळ्यावर सावली कुठून पडेल? आणखी सूनबाई विणणार रात्री, पोट्टं झोपल्यावर. काळा टाका ट्यूबलाइटखाली सुलट की उलट तेच समजत नाही. बोरन्हाणाले काळं झबलं शिवा, त्यावर हलव्याचे दागिने शोभतात. लोकरीवर साखर चिकटली तर सगळं धुणं होऊन बसते.

आजी (दादा टाइप करून राहिला): बरं. झबल्याचं कापड मी देते.

दादा: हळदीच्या रंगाचा घाला. वरण सांडलं तरी पत्ता लागणार नाही.

काटोलची आत्या: आज पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलला. हळदी रंग एकदम बरोबर, एकरंगी. ती छटा बदलणारी लोकर आणू नका, तिच्यात रंगच दिसते, टाका हरवते.

काका: एक विचारू? घरात कापूस भरून ठेवला आहे, सेवाग्राम इथून दोन घटकांवर, अन् तुम्ही लोकर विकत आणता?

काटोलची आत्या: भाऊ, सुताचा स्वेटर होते. फाल्गुनात घालायले छानच. पण सुताले ताण नाही. बॉर्डर एकदा ताणली की ताणलेलीच राहते, वजनानं खाली ओघळते, अन् लेकरानं ओला केला तर थंडीत दिवसभर वाळत नाही. तुमचा कापूस दुलईत घाला. भाव काय देऊन राहिले या हप्त्यात?

काका: तो विषय नको.

गुरुवार

दादा: नागपुरात इतवारीत उभा आहे. दुकानदार विचारते, शुद्ध लोकर देऊ की ॲक्रिलिक?

वहिनी: आत्याबाई?

दादा: आत्या, लवकर सांग, गाडी रस्त्यावर लावली आहे.

काटोलची आत्या: संत्र्याची तोड चालू आहे, आत्ता फोन पाहिला. ॲक्रिलिक घे, मध्यम जाडीचं. शुद्ध लोकर ऊबदार खरी, पण गरम पाण्यात चोळली की आक्रसून घट्ट होते, अन् लेकराचे कपडे कोण जपून धुते? ॲक्रिलिकले इस्त्री तेवढी लावायची नाही, मऊपणा अन् उठाव दोन्ही जातात. केसाळ लोकर आणू नको, तोंडात केस जातात. 200 ग्रॅम पुरते, पण उठावाच्या नक्षीले जास्त खाते, 250 आण. अन् लेबलवरचा लॉट नंबर सगळ्या गोळ्यांवर एकच पाहिजे.

दादा: हळदीचे 50 ग्रॅमवाले 4 गोळे एका लॉटचे आहेत. पाचवा दुसऱ्या लॉटचा देऊन राहिला. मले तर रंग सारखाच दिसते.

काटोलची आत्या: ट्यूबलाइटखाली दिसते. उन्हात नेऊन पाहा.

दादा: थोडा फरक आहे.

काटोलची आत्या: घेऊन टाक. बॉर्डर अन् गळा त्याचा करू. तिथं वीणच बदलते, फरक डोळ्यात येत नाही. मधातच अंगावर दुसरा लॉट लागला तर पट्टा पडते.

शनिवार, रात्र

वहिनी: 4 मिमीच्या सुयांवर साबुदाण्याचा नमुना विणला. धुवून, वाळवून मोजला. 10 सेंमीत 20 टाके बसतात. गोळ्याच्या लेबलवर 22 लिहिले आहेत.

काटोलची आत्या: लेबलवरचे साध्या विणीचे असतात. साबुदाणा आडवा पसरते अन् उंचीले कमी भरते, म्हणून तर नमुना करायले लावला. आता हिशेब कर. छाती 52, ढिलाई 6, झाले 58. पुढचा भाग त्याचा अर्धा, 29 सेंमी. सेंमीले 2 टाके, म्हणजे 58. साबुदाण्याले विषम संख्या सोपी, 59 कर. शिवणीसाठी दोन्ही कडांचा एकेक, 61. मागचाही तेवढाच.

पुण्याची ताई: विषम का?

काटोलची आत्या: विषम असले की प्रत्येक ओळ सारखीच: सुलट, उलट, सुलट, उलट, शेवटी पुन्हा सुलट. डोकं लावावं लागत नाही, टीव्ही पाहता पाहता होते. मधातच उठावं लागलं तर समोरच्या टाक्याकडे पाहायचं. उलट दिसला तर सुलट घाल, सुलट दिसला तर उलट. बॉर्डरमध्ये याच्या विरुद्ध, दिसते तसंच घालायचं.

आजी (दादा टाइप करून राहिला): आम्ही वितीनं मोजत होतो. कोणाचा स्वेटर छोटा झाला नाही.

दादा: आजी, माझा झाला होता. फोटो आहे.

आजी (दादा टाइप करून राहिला): तू जाडा झाला होता.

पुढचा आठवडा

वहिनी: मागचा भाग झाला, पुढचा गळ्यापर्यंत आला. गळा व्हिडिओसारखाच गोल ठेवू?

काटोलची आत्या: पिल्लूचं डोकं मोजलं काय?

वहिनी: नाही. आता झोपला आहे, मोजते. 48.

काटोलची आत्या: पाहा बरं, छाती 52 अन् डोकं 48! या वयात डोकं अंगाच्या मानानं मोठंच असते. मोठ्या माणसाचा गळा लहान करून त्याले दिला तर कानाशी अडकते, लेकरू रडते, अन् दुसऱ्या दिवसापासून स्वेटर पाहिला की पळते. आपल्याकडे तर सकाळी घाला, दहा वाजता काढा, संध्याकाळी परत घाला. सगळी मेहनत गळ्यावर वाया जाते.
डावा खांदा शिवू नको. मागच्या बाजूले बॉर्डरची पट्टी वाढव, पुढची बाजू तिच्यावर येऊ दे, अन् बटणं लाव. गळ्याचे टाके बंद करताना उजव्या हातात जाड सुई घे, म्हणजे कड ताणते.

पुण्याची ताई: बटणं लाकडाची पाठवते, छान दिसतील.

काटोलची आत्या: चपटी पाठव. अन् सूनबाई, ती लोकरीनं लावू नको, शिलाईच्या पक्क्या दोऱ्यानं लाव, मागून कापडाचा तुकडा ठेवून. या वयाचं पोट्टं बटण दिसलं की तोंडात घालते.

वहिनी: हो. बाह्या वेगळ्या विणून जोडू?

काटोलची आत्या: दोन्ही भाग उजव्या खांद्यावर जोड, डावा बटणांच्या पट्टीवर पट्टी ठेवून कडेले टाच. मग पुढून काखेपासून खांद्यावरून मागं काखेपर्यंत कडेचे टाके उचलून बाही खाली विण. 26 सेंमी येईल तर 53 टाके उचल. दर 2 सेंमीले दोन्ही कडांनी एकेक कमी कर, असं 9 वेळा, 35 राहतील. मग बॉर्डर. पुढच्या वर्षी तीच बॉर्डर उसवायची अन् आणखी 4 बोटं विणायची, खांद्याले हात लावायचं काम नाही.

वहिनी: हात मोजला, काखेपासून मनगटापर्यंत 20 सेंमी भरला.

काटोलची आत्या: मग 18 अंगाची वीण अन् 5 बॉर्डर. जास्तीची दुमडून ठेव.

काका: डीपी झाली चालू. कोणी मोटर लावून ठेवली असेल तर पाहा, वावरात पाणी सुटलं आहे.

दादा: पळतो. आत्या, गोळा उरला तर मले टोपी होईल काय?

काटोलची आत्या: आधी मोटर बंद कर. मग डोकं मोजून पाठव.