मदत हवी आहे : नाटकातल्या बेवड्यासाठी शब्द

नमस्कार मंडळी. आमच्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या गावात यात्रेला नाटक बसवतोय. त्यात एक पिणारा मामा आहे. संहिता पुण्याकडची, त्यामुळे मामा सारखा 'टल्ली' आणि 'तर्र' म्हणतो. आमच्याकडे कोण तसं बोलतंय? इथं माणूस सरळ 'टाइट' असतो, जास्त झाली की 'फुल्ल टाइट', आणि गटारीकडेला सापडला की 'आऊट'.

मला हवी आहे ती पायरी. दोन पेगवाल्याला काय म्हणता आणि उचलून आणाव्या लागणाऱ्याला काय? 'झिंगलाय' मला मधलं वाटतं, पण निपाणी-चिकोडीकडचे लोक काय म्हणतात ते सांगा.

दुसरं म्हणजे, दारूचं नाव न घेता बोलायची आपली तऱ्हा. 'आज बसायचं काय?', 'त्याला चढली', 'जरा घेतलीय'. कर्ता गायब, दारूही गायब, शेवटच्या दोन्हींत फक्त क्रियापद स्त्रीलिंगी! ही वाक्यं मामाच्या तोंडी फार शोभतील, अजून असली तर द्या.

कन्नड मित्र दारूला 'एण्णे' म्हणजे तेल म्हणतात, पिणाऱ्याला 'कुडुक'. मामाचा दोस्त कन्नड बोलणारा आहे, त्याला 'एण्णे' वापरू म्हणतोय. बेळगावात मराठी प्रेक्षक हसतील ना, की समजावून सांगावं लागेल?

पुढच्या रांगेत आज्या आणि पंच बसणार, तेव्हा शिवीच्या जवळचे शब्द नकोत. 'बेवडा' चालतो असं मी धरलंय. शब्दासोबत गाव आणि एक अख्खं वाक्य लिहिलंत तर तालमीत लगेच घालता येईल.