मदत हवी आहे: एआयकडून जोडाक्षरं मोजून पाठ कसा लिहून घ्यावा?

खानापूर तालुका, मराठी शाळा, पाचवीतला मुलगा. साधे शब्द वाचतो. जोडाक्षर आलं की पुस्तक मिटतो. पण बैल, भातलावणी, कबड्डी यांवर भरभरून बोलतो. ते बोलणं टिपून एआयला देते, 80 शब्दांचा पाठ मागते आणि मोठ्या टाइपात छापते. आपलाच बैल कागदावर दिसला की तो वाचायला बसतो, ही मोठी गोष्ट आहे.

अडतं एआयच्या लिखाणात. ‘जोडाक्षरं नकोत’ सांगूनही ‘प्रसन्न’, ‘उत्साह’ येतातच. यंत्र मजकूर अक्षरागणिक नव्हे, तुकड्यांत हाताळतं, म्हणून असं होत असावं. शिवाय ‘बैलाने पाणी पिले’ असली वाक्यं! नमुन्याचे दोन परिच्छेद दिले; पहिला पाठ चांगला आला, तिसऱ्यापर्यंत घसरला. चाळीस ठरावीक शब्दांची यादी दिली, तर गोष्टीतला जीवच गेला.

मोफत आवृत्तीच वापरते. मुलाच्या हाती फोन द्यायचा नाही, त्याचं नावही यंत्राला सांगत नाही. घरी कन्नड-मराठी दोन्ही बोलतात, त्यामुळे ‘गडी’, ‘शिवार’ असे ओळखीचे शब्द टिकायला हवेत.

एका पाठात एकच जोडाक्षर, समजा ‘ल्ल’, पाच-सहा वेळा यावं आणि दुसरं एकही येऊ नये, यासाठी सूचना नेमकी कशी लिहिता? की आधी गोष्ट घेऊन, चुकलेले शब्द दाखवून दुसऱ्या फेरीत बदलून घेता?