कठीण काळात तुम्ही काय वाचलंत? (अनुभव धागा)

सलाम मंडळी.

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू आहे, म्हणून हा धागा काढतेय. आपल्याकडे चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभा राहणारा माणूस बहुधा संकटातून पार पडलेला असतो. आजार बरा झाला, नोकरी लागली, घराचं काम मार्गी लागलं. ऐकून आनंदच होतो. पण जे अजून मधेच अडकलेत, ज्यांचं माणूस वाचलं नाही, त्यांच्या हाती माइक फारसा येत नाही. इथे त्यांनी लिहावं.

विश्वास डळमळला तेव्हा काय वाचलंत, काय बाजूला ठेवलंत, कोणती ओळ सोबत राहिली? कॅथलिक, प्रोटेस्टंट, चर्चला न जाणारे, ख्रिस्ती नसलेले, सगळे या. एकच विनंती: कुणाच्या अनुभवाखाली "देवाची काहीतरी योजना असेल" असं लिहू नका. ज्याचं दुःख आहे तो स्वतः म्हणाला तर गोष्ट वेगळी.

सुरुवात मी करते. बाबांचा शेवटचा आजार परळच्या हॉस्पिटलांच्या वाऱ्या करण्यात गेला. भेटायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण बायबलमधलं ९१वं स्तोत्र वाचून जायचा, तेच ते, मरीपासून आणि सापळ्यापासून सोडवणाऱ्या देवाचं. बाबा डोळे मिटून ऐकायचे आणि शेवटी आमेन म्हणायचे. एका दुपारी वॉर्डात कुणी नसताना म्हणाले, "८८वं काढ." मला ते धड आठवतही नव्हतं, कारण उपासनेत ते कुणी वाचत नाही. त्याची सुरुवात देवाला तारणारा म्हणून हाक मारण्यात होते आणि शेवट काळोखात. मध्ये कुठे "तरीही" नाही, शेवटी उपकारस्तुती नाही. वाचून झाल्यावर बाबा बराच वेळ छताकडे बघत होते. मग म्हणाले, "हेपण शास्त्रातच आहे ना? मग मी बोललो तर चालेल." आणि आजारपणात पहिल्यांदाच म्हणाले की मला भीती वाटते. त्यानंतर आम्ही बापलेक खरं बोलू शकलो.

म्हणून माझं सुचवणं: स्तोत्रं १३, ४२, ८८, १३०. आणि बायबलमधल्याच विलापगीत या पुस्तकाचा तिसरा अध्याय, पण पहिल्या वचनापासून. देवाची दया रोज सकाळी नवी होते, हे वचन आपण कॅलेंडरवर छापतो. ते लिहिलंय यरुशलेमेच्या राखेत बसून, आणि त्याआधीची वीस वचनं निव्वळ आकांत आहे. तो गाळून पुढचं वाचलं तर ते वचन पोकळ वाटतं.

चिंचपोकळीहून

आमचं मूळ नगर जिल्ह्यातलं. वडील कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि आमच्या घरापुरता तो कधी मिटलाच नाही, वडील पुन्हा कामावर गेले नाहीत. आईने खानावळीचे डबे सुरू केले.

घरात पुस्तकं तीनच: पवित्र शास्त्र, 'उपासना संगीत' हे गायनाचं पुस्तक आणि पुठ्ठा निघालेलं 'स्मृतिचित्रे', लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र. वडील पेटी छान वाजवायचे. संपाच्या दुसऱ्या वर्षी पेटी विकली. त्या रात्रीसुद्धा आईने गायनाचं पुस्तक काढलं आणि लक्ष्मीबाईंचे पती, कवी ना. वा. टिळक यांचं पद टाळीवर म्हटलं. वडील आधी गप्प होते, दुसऱ्या कडव्याला त्यांनी सूर धरला.

पण मला सांगायचंय ते लक्ष्मीबाईंबद्दल. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली इथे मुंबईत झाला, तेव्हा बाईंवर आभाळ कोसळलं. नवरा जिवंत असून नाही, नातेवाईक एक बोलतात, मन दुसरं. त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या त्या पाचएक वर्षांनी, आपल्या विचाराने. ती सगळी तगमग त्यांनी जशीच्या तशी लिहिली आहे, आणि तरी पानापानावर हसवतात. घरात दाणा नाही आणि टिळक हातातलं होतं नव्हतं ते कुणाला तरी देऊन आलेत, असले प्रसंग आई मोठ्याने वाचायची. ज्या महिन्यात भाडं थकलेलं असायचं त्या महिन्यात ती मुद्दाम तीच पानं काढायची. वडील पोट धरून हसायचे. भक्तिपर वाचनाच्या यादीत हे पुस्तक कुणी घालत नाही. मी पहिलं घालेन.

अंधेरीहून

मी वर्षभर काही वाचलं नाही. बायबल उघडलं की राग यायचा. चर्चच्या मंडळीतल्या एक मावशी रोज रात्री फोन करायच्या, एक स्तोत्र वाचायच्या, "झोप आता" म्हणायच्या आणि ठेवायच्या. मी आमेनसुद्धा म्हणत नसे. त्यांनी एकदाही विचारलं नाही. आपलं वाचन आपणच करायला हवं असं कुठे लिहिलंय?

(धागाकर्ती: कुठेच नाही. बायबलमधली पौलाची पत्रंही मंडळीत एकाने वाचायची आणि बाकीच्यांनी ऐकायची म्हणूनच गेली. मावशींना माझा सलाम सांगा.)

कलिन्याहून

२६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस झाला हे पुढे पेपरात वाचलं. आम्हाला एवढंच कळत होतं की मिठी नदी घरात शिरलीय. गावठाणातलं तळमजल्याचं घर, गादी, फ्रीज, मुलांची दप्तरं, सगळं गेलं. आजीचं बायबल दोन दिवसांनी चिखलात सापडलं. ती एकेक पान सुटं करून मध्ये टाल्कम पावडर भुरभुरवत पंख्याखाली बसायची. काही पानं सुटलीच नाहीत. जी सुटली त्यांत ६९वं स्तोत्र होतं, गळ्यापर्यंत पाणी आलंय आणि पाय टेकायला जागा नाही असं म्हणणारं. आजीने ते आम्हाला वाचून दाखवलं आणि म्हणाली, "यालापण पाणी ठाऊक होतं."

ते फुगलेलं बायबल आता बंद होत नाही, वर रबर लावून ठेवलंय. वाचायला नवी प्रत घेतली.

मालाडहून

माझे मिस्टर २०२०च्या पावसाळ्यात कोविडने गेले. आमची देवळं, म्हणजे चर्च, मार्चपासून बंद होती, उघडली ती १६ नोव्हेंबरला. दफनाला घरची मोजकी माणसं, फादर मास्कमध्ये, मिठी मारायची सोय नाही. महिनाभराची मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, मोबाइलवर पाहिली. लोक म्हणाले रोझरी, म्हणजे मण्यांच्या माळेवरची प्रार्थना, म्हण, शांत वाटेल. मला वाटलं नाही. रोझरीत येशूच्या आयुष्यातले प्रसंग 'रहस्ये' म्हणून वारावारांनी येतात. मी फक्त दुःखाची रहस्ये म्हणत राहिले, वार कोणताही असो. आनंदाची आणि वैभवाची म्हणवत नव्हती.

त्यातही पहिल्याच रहस्यापाशी अडकायचे, गेथशेमाने बाग, जिथे येशू अटकेआधी प्रार्थना करतो. तेव्हा फादर दिब्रिटोंचा 'सुबोध बायबल'मधला नवा करार काढून तो प्रसंग नीट वाचला. मराठी सोपी, लेकीलाही कळली. येशू तीनदा तीच प्रार्थना करतो, हा प्याला टळू दे. मित्र झोपलेले. प्याला टळत नाही. देवाच्या पुत्राचं मागणं असं परत आलं, तर माझ्या विश्वासात खोट होती म्हणून मिस्टर गेले नाहीत, हे मला त्या पानावर पटलं. त्याआधी कुणी सांगून पटत नव्हतं. ज्यांना "श्रद्धा कमी पडली" असं ऐकवलं गेलंय त्यांनी मत्तयच्या शुभवर्तमानाचा २६वा अध्याय वाचा.

माहीमहून

मी ख्रिस्ती नाही. बुधवारी सेंट मायकल चर्चमधल्या नोव्हेनाच्या प्रार्थनेला मात्र जाते, रांगेत माझ्यासारख्या पुष्कळ असतात. घरी तुकोबांची गाथा वाचते. टिळक म्हणायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. मी त्या पुलावर दोन्ही बाजूंनी ये-जा करते, आणि अडचणीत दोन्हीकडचं वाचते. देवाशी भांडायला मला तुकोबांनी शिकवलं. इथलं ८८वं स्तोत्र आज वाचलं, ओळखीचं वाटलं.

बोरिवलीहून, निवृत्त शिक्षक

दोन गोष्टी. पंडिता रमाबाईंचं चरित्र वाचा, आणि त्यांच्या आयुष्याचा क्रम लक्षात ठेवून वाचा. दुष्काळात आईवडील गेले, पुढे भाऊ, मग लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा. अखेरीस एकुलती मुलगी मनोरमा १९२१मध्ये गेली. तेव्हा बाई केडगावात मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणत होत्या. ते काम त्यांनी सोडलं नाही. १९२२मध्ये त्या वारल्या, आणि पूर्ण बायबल १९२४ला छापून आलं.

दुसरं, इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी लेखक सी. एस. लुईस यांचं 'अ ग्रीफ ऑब्झर्व्ह्ड'. बायको गेल्यावर लिहिलेल्या वह्या, १९६१ साली आधी टोपणनावाने छापलेल्या. देवाने तोंडावर दार लावून आतून कडी घातली असं तो लिहितो. माझं मत: पहिल्या महिन्यांत देऊ नका. वर्ष उलटल्यावर, सगळ्यांचे फोन बंद झाल्यावर द्या.

विक्रोळीहून

आईची नजर गेलीय, धाकटा भाऊ गेल्यापासून ती प्रार्थनाही करत नाही. तिला काय ऐकवू?

(धागाकर्ती: मराठी बायबल फोनवर ऐकता येतं, पण आधी तुम्ही स्वतः वाचा, तुमचा आवाज तिच्या ओळखीचा आहे. १३वं स्तोत्र घ्या. सहाच वचनं आहेत आणि सुरुवातीलाच "कोठवर" हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. तिने मध्येच थांबवलं तर थांबा, शेवटच्या वचनापर्यंत नेण्याची घाई करू नका. काय झालं ते जमेल तेव्हा इथे लिहा. आणि चिंचपोकळीकर, आई टाळीवर म्हणायच्या ते पद कोणतं होतं? चाल आठवत असेल तर रेकॉर्ड करून टाका, विक्रोळीच्या आईंनाही ऐकवता येईल.)