अनुभव धागा: आपल्या गावचं इतिहास मंडळ आणि त्याचं छोटं संग्रहालय

कृष्णाकाठची
परवा रद्दीच्या दुकानात गेले होते. माझ्या आधीच्या कुणाची तरी रद्दी तागडीत होती, आणि वह्यांच्या खाली रुमाल, म्हणजे लाल फडक्यात बांधलेला जुन्या कागदांचा गठ्ठा. गाठ सुटलेली, आत सगळे जुन्या मोडी लिपीतले कागद. दुकानदार ओळखीचे, त्यांनी लगेच बाजूला काढून दिला, पैसे घेतले नाहीत. घरी आणून टेबलावर ठेवला आणि गुरुजींच्या आठवणीनं रडू आलं.

आमच्या गावात इतिहास मंडळ आहे. संग्रहालय म्हणजे जुन्या शाळेच्या दोन खोल्या. निवृत्त झालेले आमचे गुरुजी दर रविवारी सकाळी त्या उघडायचे. मी नववीत असताना जायला लागले. पहिलं काम मिळालं ते कागद झटकायचं. मऊ कुंचला, मधून कडेकडे, आणि कडा फाटलेली असेल तर हात लावायच्या आधी त्यांना हाक मारायची. चिकटपट्टी लावायची नाही हे इतक्यांदा ऐकलंय की अजूनही घरात कुठल्याच कागदाला लावत नाही.

लग्न झालं, गाव सुटलं, गुरुजीही गेले. आता बावीस वर्षांनी परत आलेय. रुमाल घेऊन गेले तर कुलूप. किल्ली गुरुजींच्या सूनबाईंकडे. त्यांनी बिचाऱ्यांनी हातातली पोळी टाकून येऊन उघडून दिलं. एका कपाटाला खालून वाळवी लागली आहे. मंडळाचे सभासद कागदावर चाळीस, येणारे तीन, तिघंही सत्तरीपुढचे.

तुमच्या गावात असं काही आहे का? कोण चालवतं? तुम्ही काय केलंत? लिहा. मला खरंच हवंय.

पांढरीवरचा
आमचं आजोळ धाराशिव जिल्ह्यातलं तेर, म्हणजे जुनं तगर. पाऊस पडून गेला की पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, मणी, खापरं, नाणी वर येतात. आजोबा सांगायचे, रामलिंगप्पा लामतुरे अशी एकेक वस्तू जपायचे. पेशानं व्यापारी माणूस. हजारो वस्तू जमवल्या त्यांनी. जुन्या तगर नगरीचा रोमशी व्यापार होता हे पुस्तकात वाचण्याआधी आम्ही त्या वस्तूंत पाहिलं. आज सरकारी संग्रहालय आहे आणि त्याला त्यांचंच नाव आहे. एका माणसाच्या नादानं एवढं होतं ताई.

सायलीची आई
वाळवीसाठी आधी कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढा. नंतर बाकीचं. कुकर लावलाय, येते परत.

खानदेशी
इतिहास संशोधक वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला धुळ्यात वारले आणि 9 जानेवारी 1927 ला भास्कर वामन भट आणि मंडळींनी तिथे राजवाडे संशोधन मंडळ काढलंसुद्धा. म्हणजे दहा दिवसांच्या आत! कॉलेजात असताना आम्हाला सरांनी तिथे नेलं होतं. गावोगाव पायपीट करून जमवलेले कागद त्या माणसामागे विखरू नयेत, ही केवढी तळमळ. तुमच्या गुरुजींच्या मागेही कुणीतरी हवं होतं. आता तुम्ही आहात.

कृष्णाकाठची
@खानदेशी, हे वाचून अंगावर काटा आला. मी आहे.

मापटं
आमच्याकडचं सांगतो, म्हणजे तुमच्याकडे होणार नाही. मंडळाला एका घरानं तलवार दिली होती, 1987 च्या सुमारास. तोंडी. हार घालून सत्कार झाला, फोटो काढला, झालं. तीस वर्षांनी नातू आला, म्हणाला आजोबांनी ठेवायला दिली होती, द्यायची म्हणून नाही. त्याचंही खोटं नव्हतं हो, त्याला घरी तसंच सांगितलेलं. आमच्याकडे कागद शून्य. वर्षभर दोन घरांत बोलणं बंद. शेवटी तलवार परत केली. त्यानंतर मी आवक नोंदवही सुरू केली. वस्तू, कुणी दिली, कधी, कुठे सापडली, दान की उसनी, दोन्ही बाजूंची सही, एक प्रत त्यांना. वस्तूवर नंबर पेन्सिलीनं किंवा दोऱ्यानं बांधून. गेल्या सहा वर्षांत 412 नोंदी केल्या. मंडळासाठी मी केलेलं हेच एक मोठं काम. बाकी मला मोडी येत नाही.

सायलीची आई
आले. @मापटं, नाव आवडलं. माझ्या सासूबाईंकडे धान्य मोजायच्या मापांचा पूर्ण संच होता, चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली. लाकडी, पितळी पट्ट्यांचा. गावच्या संग्रहालयाला दिला तेव्हा त्या स्वतः येऊन मुलांना सांगत बसल्या. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. मुलांनी वाळू भरभरून मोजलं.

देशावरची
आणि सोळा पायल्यांचा मण!

पांढरीवरचा
आमच्याकडे बारा.

देशावरची
बारा कसे? आई सोळाच म्हणते.

मापटं
दोन्ही बरोबर, गावागणिक बदलायचं. म्हणूनच वस्तू कुठल्या गावची ते लिहायचं असतं.

सायलीची आई
सासूबाई गेल्या मागच्या वर्षी. त्या वाळूच्या दिवसाची आठवण मुलं अजून काढतात.

देशावरची
🙏

वाशिष्ठी
चिपळूण. 22 जुलै 2021. घरात छातीभर पाणी होतं, त्याबद्दल नाही लिहीत. आमचं लोटिस्मा, लोकमान्य टिळक स्मारक वाचनालय, 1864 चं आहे. तिथल्या भिजलेल्या पुस्तकांच्या बातमीनं घरच्या चिखलापेक्षा जास्त पोटात तुटलं. त्या आठवड्यात घरचे जुने कागद वाचवताना शिकले ते सांगते. उन्हात टाकायचं नाही, कागद आखडतो. चिकटलेली पानं ओढायची नाहीत. मध्ये टीपकागद किंवा कोरा कागद घालायचा (छापील वर्तमानपत्र नको, शाई उतरते), पंखा लांबून, आणि टीपकागद सारखे बदलत राहायचं. चार बायका चार दिवस हेच करत होतो. तुमच्या खोल्या नदीकाठी असतील तर खालचा कप्पा आजच रिकामा करा.

कृष्णाकाठची
खालच्या कप्प्यातच रुमाल आहेत सगळे. उद्या काढते.

तारीख पे तारीख
वकील आहे, थोडं कोरडं लिहितो पण उपयोगी पडेल. मंडळ न्यास म्हणून नोंदलेलं असेल तर गुरुजींच्या जागी कोण आलं याचा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात दिलाय का पाहा. बहुतेक ठिकाणी राहिलेला असतो आणि मग बँक खातं अडतं. दुसरं, शंभर वर्षांवरच्या वस्तू आणि 75 वर्षांवरची हस्तलिखितं 1972 च्या पुरावशेष कायद्यात येतात. मूर्ती, सचित्र पोथी असेल तर नोंदणीचं विचारून घ्या. शेतात नांगरताना हंडा, नाणी निघाली आणि कुणी थेट तुमच्याकडे आणली तर घेऊन ठेवू नका, 1878 च्या निखात निधी (म्हणजे पुरलेलं धन) कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. अर्ज लिहून हवा असेल तर निरोप टाका, फी नको.

नुसतीच वाचते
कधी लिहीत नाही इथे. आमच्या गावच्या वेशीवर वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, आहेत, लोक शेंदूर फासतात. मंडळातल्या एका काकांनी मला त्यातले तीन टप्पे वाचायला शिकवले, खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला नेतात, वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर सूर्यचंद्र. तेव्हा दहा वर्षांची होते. आता माझ्या लेकीला तिथेच उभं करून सांगते. काका हयात आहेत, त्यांना फोन करते आज.

सायलीची आई
कराच.

खानदेशी
रुमालात काय निघालं ते सांगा ना ताई.

कृष्णाकाठची
मला मोडी अडखळत येते. वरच्या कागदावर गुऱ्हाळाचा हिशेब दिसतोय. सूनबाईंशी बोलले, किल्लीची दुसरी प्रत करून घेतली. रविवारी दहाला उघडते. जवळपासचं कुणी येणार असेल तर मऊ कुंचला आणा, चहा माझ्याकडे.

मापटं
येतो. कोरी नोंदवही आणतो.